चिठ्ठी, टपाल आणि दोन हजार अनोळखी माणसं

१८५७ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते, आणि त्यात काही चूक नाही. पण आज मी त्या सालातल्या जरा वेगळ्या तीन गोष्टी शेजारी ठेवून सुरुवात करणार आहे.

पहिली मुंबईतली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती त्या वर्षी छापून बाहेर पडली. दुसरी लंडनमधली. नोव्हेंबर महिन्यात रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच नावाच्या धर्मगुरूंनी तिथल्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला: आपल्या इंग्रजी कोशांमध्ये काय काय राहून गेलंय. आणि तिसरी सागरची, म्हणजे आताच्या मध्य प्रदेशातलं सागर. तेच ते, गोविंदपंत बुंदेल्यांचं सागर. तिथल्या किल्ल्याला वेढा पडला होता आणि आत अडकलेल्या गोऱ्यांमध्ये हातात बंदूक घेतलेला एक बत्तीस वर्षांचा अमेरिकन माणूस होता. नाव फिट्झएडवर्ड हॉल. धंदा शिक्षण खात्यातला, आणि वेड संस्कृतचं. हा माणूस लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचंय.

आजचा विषय असा आहे की एकमेकांना कधीही न भेटलेली, पगार न घेणारी, दूर दूर राहणारी माणसं मिळून एखादं मोठं काम करतात तेव्हा नेमकं काय चालतं, आणि त्यात यंत्राचा, तंत्राचा हात किती असतो. हल्ली हा अभ्यासाचा मोठा विषय झालाय, आणि बहुतेक वेळा त्याची सुरुवात विकिपीडियापासून होते. माझं म्हणणं असं की ही सुरुवात निदान दीडशे वर्षं मागे न्यायला हवी. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, म्हणजे जिला आपण ऑक्सफर्डचा मोठा कोश म्हणतो, ती स्वयंसेवकांनी टपालानं उभी केली.

मोल्सवर्थचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. तो कोश सरकारी पाठबळानं झाला. इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या हाताखाली शास्त्रीमंडळी, शब्द गोळा करणारी, अर्थ सांगणारी. मोठंच काम आहे ते, आजही आपण उघडतो. पण ती कचेरी होती. माणसं नेमलेली, जागा ठरलेली, पगार ठरलेला. ट्रेंच यांनी लंडनमध्ये मांडलं ते याच्या उलटं. कोश म्हणजे चांगल्या-वाईट शब्दांची निवड नव्हे, प्रत्येक शब्दाचा जन्मापासूनचा इतिहास हवा. आणि त्यासाठी इंग्रजीतलं शक्य तेवढं सगळं वाङ्मय कुणीतरी ओळीनं वाचायला हवं. हे एका माणसाच्या, चार माणसांच्या आवाक्यातलं नाही. तेव्हा पुष्कळांनी मिळून करावं.

आता हे सुचणं १८५७ मध्येच का शक्य झालं? सतराशे सत्तावन्नमध्ये का नाही? उत्तर टपाल खात्यात आहे. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये पत्राचा खर्च अंतरावर आणि कागद किती यावर ठरायचा, आणि बहुधा ज्याला पत्र येई त्यानं तो द्यायचा. म्हणजे शंभर उत्साही लोकांनी तुम्हाला मदत म्हणून कागद पाठवले तर तुमचं दिवाळं! १८४० मध्ये पेनी पोस्ट आलं. देशात कुठूनही कुठेही, अर्ध्या औंसापर्यंत एक पेनी, आणि ती पाठवणाऱ्यानं आधी भरायची. (आपल्याकडे १८५४ मध्ये अर्ध्या आण्याचं टपाल आलं, ते याच विचाराचं.) पुढे १८४८ मध्ये पुस्तकं स्वस्तात पाठवायची सोय झाली. म्हणजे पुस्तक टपालानं वाचकाकडे जाणार, दाखले टपालानं परत येणार. खर्च विखुरला गेला. प्रत्येकानं आपापली पेनी सोसायची. स्वयंसेवेचा हा पाया आहे, आणि तो अगदी साधा हिशेबाचा आहे.

पण टपालाइतकीच महत्त्वाची दुसरी वस्तू म्हणजे चिठ्ठी. साध्या पत्राच्या कागदाचा अर्धा तुकडा. वर डाव्या कोपऱ्यात शब्द. खाली साल, लेखक, पुस्तक, पान. त्याखाली ज्या वाक्यात शब्द आला ते वाक्य, पूर्ण. एका चिठ्ठीवर एकच शब्द. बस्स.

तुम्ही म्हणाल, यात तंत्रज्ञान कुठे आलं? तेच सांगतो. समजा वाचकानं वहीत लिहून वही पाठवली असती. शंभर वाचकांच्या शंभर वह्या. त्यातून एका शब्दाचे दाखले काढायचे तर शंभर वह्या उलटायच्या, नाहीतर कुणीतरी बसून सगळं पुन्हा उतरवायचं. चिठ्ठी मात्र सुटी असते. कॉर्नवॉलमधून आलेली आणि अमेरिकेतून आलेली, दोन्ही शेजारी शेजारी बसतात. क्रम बदलता येतो, मध्ये एखादी घालता येते, चुकीची काढून टाकता येते. आणि लिहिणाऱ्या दोघांना एकमेकांचं अस्तित्वही माहीत असायची गरज नाही. काम इतकं लहान तुकड्यात तोडायचं की प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहील. आजही दूरस्थ स्वयंसेवकांचे जे प्रकल्प चालतात त्यांत हीच युक्ती दिसते. २००७ मध्ये ‘गॅलेक्सी झू’ सुरू झालं, त्यात लोकांपुढे एका वेळी एका दीर्घिकेचं चित्र ठेवलं जाई. मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांचं मुद्रितशोधन चालतं, तिथे एका वेळी एक पान. मी स्वतः थोडंफार केलंय ते काम. रात्री जेवणानंतर दोन पानं. अख्खं पुस्तक कुणी अंगावर टाकलं असतं तर मी पहिल्याच दिवशी पळालो असतो.

बरं, आता गोष्ट पुढे नेऊ. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज, कवी कोलरिजचा नातू. त्यानं चिठ्ठ्यांसाठी चोपन्न कप्प्यांचं एक कपाट करून घेतलं, टपाल कचेरीत सॉर्टिंगला असतात तसे कप्पे. एक लाख चिठ्ठ्या त्यात मावतील असा अंदाज, आणि दोनेक वर्षांत पहिला भाग काढू असा विश्वास. १८६१ मध्ये तो वारला, अवघ्या तिसाव्या वर्षी.

त्याच्या जागी आले फ्रेडरिक फर्निव्हॉल. हा उत्साहाचा धबधबा होता. मंडळं स्थापायची, माणसं जोडायची, भांडायचं, पुन्हा जोडायची. त्यांनी एक कल्पना काढली, दिसायला उत्तम: स्वयंसेवक उपसंपादक. एकेका अक्षराच्या चिठ्ठ्या एकेकाच्या घरी पाठवून द्यायच्या, त्यानं त्या लावायच्या, अर्थ वेगळे काढायचे. म्हणजे गोळा करणंही विकेंद्रित आणि मांडणंही विकेंद्रित. कागदावर सुंदर. पण कोणतं अक्षर कुणाकडे आहे याची नीट नोंद राहिली नाही. लोक कंटाळले, गावं बदलली, काही वारले. काम जवळजवळ थांबलं.

१८७९ मध्ये नवा संपादक आला, जेम्स मरे. मराठी कानाला नाव जरा अशुभ वाटतं, पण काय करणार! (हशा) स्कॉटलंडमधल्या एका शिंप्याचा मुलगा, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली, पुढे स्वतःच्या बळावर कितीतरी भाषा शिकलेला, आणि त्या वेळी लंडनजवळ मिल हिल इथे शाळामास्तर. ऑक्सफर्डच्या छापखान्याशी करार झाला: दहा वर्षं, चार खंड, सात हजार पानं. आणि फर्निव्हॉल यांच्याकडून चिठ्ठ्या आल्या, सुमारे दोन टन. पोत्यांत. एका पोत्यात मेलेला उंदीर, दुसऱ्यात कागदाचं घरटं करून पिलांसकट राहणारी जिवंत उंदरीण. ‘आय’ या अक्षराची करंडी बुड फुटलेली. ‘एच’चा पत्ताच नाही, शेवटी ते इटलीत फ्लॉरेन्सला सापडलं, अमेरिकेचे तिथले वकील जॉर्ज पर्किन्स मार्श यांच्याकडे. ‘पीए’नं सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमध्ये, एका तबेल्यात. उपसंपादक वारला होता आणि त्या चिठ्ठ्या शेकोटी पेटवायला वापरल्या जात होत्या.

हे ऐकून आपल्याकडच्या कुणालाही आपली दफ्तरं आठवतील. राजवाडे गावोगाव का हिंडले? माळ्यावर, पेटाऱ्यांत कागद कुजत होते म्हणून. पण फरक बघा. राजवाड्यांपुढचे कागद दोनशे वर्षं दुर्लक्षित होते. इथे लोकांनी वीस वर्षांपूर्वी मुद्दाम, हौसेनं, पदरच्या पेनी खर्चून पाठवलेले कागद तबेल्यात गेले. टपाल कागद आणून पोहोचवतं. तो सांभाळायचं काम टपालाचं नाही, आणि फर्निव्हॉल यांचा नेमका हाच गैरसमज होता असं मला वाटतं. गोळा करायची यंत्रणा उभी राहिली की काम उभं राहिलं असं त्यांनी धरलं.

मरेनं पहिल्यांदा काय केलं? शाळेच्या आवारात पत्र्याची एक खोली बांधली. तिला नाव दिलं स्क्रिप्टोरियम. आत १,०२९ कप्पे. कोलरिजचे चोपन्न, याचे एक हजार एकोणतीस. आणि ठरवलं की जे बाहेर जाईल त्याची नोंद होईल आणि ते परत इथेच येईल. मग एक आवाहन छापलं, इंग्रजी बोलणाऱ्या आणि वाचणाऱ्या सर्व लोकांना उद्देशून. दोन हजार प्रती. अमेरिकेत, वसाहतींमध्येही ते गेलं. सोबत कोणती पुस्तकं अजून कुणीच वाचलेली नाहीत त्याची यादी, आणि वाचताना काय टिपायचं याच्या सूचना.

या सूचनांमध्ये एक चूक होती. म्हणजे आधीच्या काळापासून चालत आलेली. वाचकांना सांगितलं होतं, जो शब्द तुम्हाला दुर्मिळ, जुना, नवा, चमत्कारिक वाटेल तो टिपा. साधे शब्दही टिपा असं होतं, पण दुय्यम. माणसाचं मन कसं चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. चमत्कारिक तेवढंच दिसतं. ‘अ‍ॅब्यूझ’ हा रोजचा शब्द, त्याचे दाखले पाचसुद्धा भरेनात. आणि ‘अ‍ॅब्यूजन’ या मेलेल्या शब्दाचे जवळजवळ पन्नास! मग मरे आणि त्याचे मदतनीस यांना अगदी साध्या शब्दांसाठी पुन्हा पुस्तकं धुंडाळावी लागली. विकिस्रोतावर माझं असंच झालं होतं, फक्त उलट बाजूनं. एका जुन्या पुस्तकात दर ओळीला ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘तेथें’. मी इमानेइतबारे सगळे अनुस्वार काढले, आजचं शुद्धलेखन केलं. दुसऱ्या दिवशी कुण्या अनोळखी माणसानं माझी तिन्ही पानं पूर्ववत करून खाली लिहिलं होतं: मुळात आहे तसंच ठेवायचं असतं. सौम्यपणे लिहिलं होतं. पण मला सूचना वाचायचा कंटाळा आला होता हे खरं.

१८८५ मध्ये मरे ऑक्सफर्डला आला. बॅन्बरी रोडवरच्या घराच्या बागेत नवं स्क्रिप्टोरियम, तेही पत्र्याचं. शेजारच्या प्राध्यापकाच्या घरातून दिसणारा देखावा बिघडू नये म्हणून ते दोन-तीन फूट जमिनीत उतरवलं होतं. त्यामुळे आत सदैव ओल आणि थंडी. मरे पाय खोक्यात घालून बसायचा. घरात अकरा मुलं, आणि ती सगळी कधी ना कधी चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावायला बसलेली, खाऊच्या पैशांसाठी. टपाल इतकं जायचं-यायचं की खात्यानं त्याच्या घरासमोर स्वतंत्र टपालपेटी उभी केली. ती लाल पेटी आजही तिथे आहे.

आता वाचकांकडे येऊ. थॉमस ऑस्टिन नावाच्या माणसानं एकट्यानं एक लाख पासष्ट हजार दाखले पाठवले. विल्यम डग्लस यांनी एक लाख छत्तीस हजार. वेडाच्या भरात खून करून ब्रॉडमूरच्या कोठडीत आयुष्य काढणारा डॉक्टर मायनर तुम्हाला माहीत असेल, त्याच्यावर पुस्तक आहे, सिनेमा आहे, म्हणून मी फार थांबत नाही. पण त्याची एक गोष्ट मला मोलाची वाटते, आणि सिनेमात ती नेमकी बुडून जाते. तो बाकीच्यांसारखा चिठ्ठ्यांचा ढीग पाठवत नसे. तो आपल्या कोठडीतल्या जुन्या पुस्तकांची शब्दसूची करून ठेवी आणि ऑक्सफर्डला पत्र लिहून विचारी, सध्या तुमचं कोणत्या शब्दावर काम चालू आहे? मग नेमके त्याच शब्दाचे दाखले धाडी. हजार माणसं तुम्हाला जे सापडेल ते देतात; एखादाच असा, जो विचारतो, तुम्हाला हवं काय.

आणि आता आपला सागरचा हॉल. हा माणूस मूळ न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचा. कलकत्त्याला पळून आलेल्या भावाला शोधायला म्हणून निघाला आणि गंगेच्या मुखाशी जहाज फुटलं. तो राहिला इथेच. बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवू लागला. संस्कृत ग्रंथ संपादून छापणारा तो पहिला अमेरिकन. मग अजमेर, मग सागर, तिथे १८५७. नंतर १८६२ मध्ये लंडनला किंग्ज कॉलेजात प्राध्यापक. आणि तिथे सगळं फिसकटलं. दुसऱ्या एका संस्कृत पंडिताशी कडाक्याचं भांडण झालं, हॉल दारुडा आहे, परदेशी हेर आहे असे आरोप झाले, नोकरी गेली, फिलॉलॉजिकल सोसायटीतून बाहेर पडावं लागलं. लक्षात घ्या, हीच ती सोसायटी, जिच्या बैठकीत कोशाची कल्पना निघाली. हॉल सफक परगण्यातल्या एका खेड्यात जाऊन राहिला, एकटा.

त्या एकट्या घरातून वीस वर्षं, रोज सुमारे चार तास, या माणसानं कोशाची मुद्रितं तपासली. स्वतःच्या वाचनातले दाखले घातले. एकही पैसा न घेता. ज्यांनी हाकललं त्यांच्याच कोशासाठी. मरेशी त्याची प्रत्यक्ष भेट कधीही झाली नाही. सगळा व्यवहार टपालानं. मरेला त्याची इतकी सवय झाली होती की हॉल आजारी पडला की ऑक्सफर्डहून काळजीची पत्रं जात.

हे का केलं असेल त्यानं? मला एवढंच म्हणावंसं वाटतं की टपाल नसतं तर त्याला हे करताच आलं नसतं. आणि टपाल होतं म्हणून त्याला ऑक्सफर्डच्या दारात, त्या माणसांसमोर, उभंही राहावं लागलं नाही. अंतर ही नेहमी अडचणच असते असं आपण धरून चालतो. हॉलच्या बाबतीत अंतरानंच ते काम शक्य केलं. १९०१ मध्ये तो गेला. पाचवा खंड तेव्हा पुरा होत होता.

आता थोडं दोषांविषयी बोललं पाहिजे, नाहीतर ही आरती होईल. ‘बाँडमेड’ म्हणजे दासी, हा बायबलात येणारा शब्द. त्याच्या चिठ्ठ्या कुठेतरी सरकल्या, आणि शब्द कोशात आलाच नाही. मागाहून चिठ्ठ्या सापडल्या तेव्हा ‘बी’ छापून झालं होतं. हे अपघाताचं झालं. दुसरा दोष जास्त खोल आहे. प्रत्येक पुस्तक साधारणपणे एकच वाचक वाचायचा. त्याच्या डुलकीवर कुणाची नजर नाही. ‘गॅलेक्सी झू’मध्ये एकच चित्र अनेकांना दाखवतात आणि मतं जुळवतात, टपालात ते परवडणारं नव्हतं. मग व्हायचं काय, शेक्सपिअर सगळ्यांनी कसून वाचलेला, त्याच्या शब्दसूच्या तयार, त्यामुळे शेकडो शब्दांच्या पुढे पहिला वापर शेक्सपिअरचा अशी नोंद पडली. युर्गन शेफर या जर्मन अभ्यासकानं १९८० मध्ये शेक्सपिअर आणि त्याचा समकालीन टॉमस नॅश यांची तुलना करून दाखवलं की नॅशच्या बाबतीत वाचकांकडून कितीतरी सुटलं होतं. म्हणजे भाषेचा इतिहास म्हणून जे छापलं गेलं, त्यात स्वयंसेवकांची आवड मिसळलेली होती. ज्याची पुस्तकं लोकांना वाचायला आवडतात तो कोशात मोठा होतो. आज विकिपीडियावर क्रिकेटपटूंची चरित्रं भरभरून आणि गवंडीकामावर चार ओळी, हा त्याच घराण्यातला दोष आहे.

कोशाचा पहिला भाग, ‘ए’पासून ‘अँट’पर्यंत, १८८४ मध्ये निघाला. दहा वर्षांच्या करारातली पाच वर्षं मुंगीपर्यंतच गेली होती. मरे १९१५ मध्ये वारला, तोवर पूर्ण झाला नव्हता. १९२८ मध्ये झाला. ४,१४,८२५ शब्द. छापलेले दाखले अठरा लाख सत्तावीस हजारांवर, आणि आलेल्या चिठ्ठ्या त्याच्या कितीतरी पट.

त्या वर्षीच्या जून महिन्यात लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये मोठी मेजवानी झाली. पंतप्रधान बॉल्डविन बोलले. सुमारे दीडशे पाहुणे, सगळे पुरुष. ती त्या जागेची रीत होती. स्वयंसेवकांच्या यादीत मात्र बायका शेकड्यांनी होत्या. एडिथ थॉम्पसन हे त्यातलं एक नाव. शाळेत चालणारं इंग्लंडच्या इतिहासाचं पुस्तक लिहिलेली बाई. तिनं आणि तिच्या बहिणीनं मिळून पंधरा हजार दाखले पाठवले होते, आणि पुढे एडिथनं वर्षानुवर्षं मुद्रितं तपासली, १८८० च्या दशकापासून थेट शेवटपर्यंत. त्या रात्री तिला बोलावलं होतं. तिला, मरेच्या मुलीला आणि दुसऱ्या एका संपादकाच्या मुलीला. त्यांना वर सज्जात बसवलं, खालचं जेवण पाहता यावं म्हणून.

प्रश्न असतील तर घेऊ या.